स्वतः छापलेली पुस्तकं: शोधायची कुठे, जोखायची कशी?

सड्यावरची_जुई

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकनिवड गेली चार वर्षं मी बघते. नावाजलेल्या प्रकाशकांची पुस्तकं निवडणं त्यातल्या त्यात सोपं. याद्या येतात, परीक्षणं छापून येतात, वाचक नावानिशी मागतात. माझा प्रश्न दुसऱ्या ढिगाचा आहे, लेखकाने पदरचे पैसे घालून छापलेल्या पुस्तकांचा. कोणी लग्नात भेट देतं, कोणी ग्रंथोत्सवात हातात ठेवतं, कोणी एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवून देतं. या पावसाळ्याच्या तोंडाला मोजली तर ४१ भरली. कवितासंग्रह १७, कथा-कादंबऱ्या ११, आत्मकथनं ६, बाकी गावांचे इतिहास, पाककृती, मुलांच्या गोष्टी आणि विज्ञानकथांचं एक पुस्तक. कपाटात जागा जेमतेम पंधरांची.

गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. प्रवासी बोटींच्या दिवसांत दाभोळ बंदरात पडाव (बोटीतून उतारूंना किनाऱ्याला आणणारी होडी) वल्हवणाऱ्या एका गृहस्थांचं आत्मकथन आलं होतं. मुखपृष्ठावर कुठल्यातरी परदेशी जहाजाचा फोटो, पहिल्या पानावर सात ओळींत नऊ चुका. मी ते परत करायच्या गठ्ठ्यात टाकलं. आमचे ७६ वर्षांचे एक सभासद पाऊस उघडेपर्यंत टेकायला म्हणून आत आले, त्यांनी गठ्ठ्यातून नेमकं तेच उचललं आणि दुसऱ्या दिवशी विचारायला हजर, "याचा पुढचा भाग आलाय का?" मग मी वाचलं. बोटीवरून बायामाणसांना पडावात उतरवताना लाट पडावाला वर आणेपर्यंत थांबायचं आणि नेमकं तेव्हाच "आता!" म्हणायचं, आधी म्हटलं तर पाय हवेत, उशिरा म्हटलं तर पाय दोन फळ्यांच्या मध्ये. हे त्यांनी असं लिहिलंय की वाचताना मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते.

म्हणून विचारते. अशी पुस्तकं तुम्हाला सापडतात कुठे? आणि अर्ध्या तासात पुस्तक घ्यावं की नाही हे कशावरून ठरवता?

एक विनंती, पुस्तकांची आणि लेखकांची नावं इथे नकोत, लिंका तर नकोतच. मागच्या वेळी अशाच धाग्याचा चार दिवसांत जाहिरातींचा फलक झाला होता.

मोदकपात्र

वाचनखूण साठवली. आमच्याकडे काकांच्या मित्राचे सही करून दिलेले तीन कवितासंग्रह आहेत. ते येणार असले की आई टीपॉयवर काढून ठेवते. जुईताई, तुमच्या धाग्यामुळे आज पहिल्यांदा उघडले. दुसऱ्या संग्रहातल्या चार कविता खरंच चांगल्या आहेत.

फर्मा_सोळा

चिपळूणला डीटीपी करतो, २२ वर्षं झाली. अशी दीडेकशे पुस्तकं तरी हाताखालून गेली असतील.

मी आधी श्रेयनामावलीचं पान बघतो. लेखकाखेरीज आणखी कोणाचं नाव आहे का? मुद्रितशोधन कोणी केलं, मांडणी कोणाची, मुखपृष्ठ कोणाचं? सगळी नावं एकाच घरातली असतील तर पुस्तक छापण्याआधी परक्या नजरेखालून गेलेलं नाही, एवढं समजून वाचायला घ्यायचं. टाकून नाही द्यायचं.

आयएसबीएनला भुलू नका. "आमच्या पुस्तकाला आयएसबीएन आहे" हे लेखक पदक मिळाल्यासारखं सांगतात. तो नुसता ओळखक्रमांक. आपल्याकडे राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तो फुकट देते, लेखकाने स्वतः अर्ज केला तर त्यालाही मिळतो. पुस्तकाची नोंद करायला आणि मागवायला तो उपयोगी, पण आतलं कोणी वाचलेलं नसतं. आणि त्याच नंबराचे पैसे लेखकाकडून उकळणारेही मी पाहिलेत.

आता तुमच्या सात ओळींतल्या नऊ चुका. लेखक मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहितो, आमच्याकडे पानं लागतात जुन्या फॉन्टमध्ये, मध्ये कन्व्हर्टर. त्यात जोडाक्षरं मोडतात, आणि 'ऱ्या'मधला तो अर्धा र तर हमखास जातो. मागे एका संग्रहात 'सह्याद्रीच्या दऱ्या' सगळीकडे 'सह्याद्रीच्या दर्या' झाल्या. दर्या म्हणजे समुद्र! कवीला हे कळलं ते तीनशे प्रती घरी पोचल्यावर. तेव्हा एकाच जातीची चूक पानोपानी दिसली तर ती यंत्राची, दर पानावर नवी दिसली तर माणसाची. यंत्राच्या चुकांसाठी लेखकाला शिक्षा नको.

खाजणकाठ

फर्माभाऊ, एक तिसरी जातसुद्धा आहे, चूक नसलेली चूक. आमच्या मालवणाकडच्या एका वाचनालयात मालवणीतल्या कथांचं पुस्तक आहे. कोणी निवृत्त शिक्षक ते घरी घेऊन गेले असावेत. सबंध १२० पानांवर लाल पेनाने 'माका'च्या डोक्यावर 'मला', 'कित्याक'च्या डोक्यावर 'कशाला'. त्यानंतर ते पुस्तक कोणी नेलेलंच नाही, वाचणाऱ्याला आधी लाल शाईच दिसते.

शुद्धलेखनाच्या चाळणीने चाळलंत तर किनाऱ्यावरचं अर्धं चांगलं लिखाण कोंड्यात जाईल. मालवणी घ्या, संगमेश्वरी घ्या, वसईकडची सामवेदी घ्या, यांना ठरलेलं शुद्धलेखन आहेच कुठे? माणूस कानाने ऐकतो तसं लिहितो.

फर्मा_सोळा

खाजणकाठ, मान्य, शंभर टक्के. मग बोलीसाठी माझी एकच कसोटी: पान १२ वर शब्द जसा लिहिलाय तसाच पान ९० वर आहे का? लेखकाने स्वतःचा नियम पाळला असेल तर त्याचा कान जागा आहे. शिवाय आजी, पोलीस आणि शाळेतली पोर तिघंही एकाच ठसक्यात बोलतायत का, तेही बघायचं.

स्पष्टच_सांगतो

वेगळं मत मांडतो, राग नसावा. वाचनालयाचा पैसा आणि वाचकाचा वेळ दोन्ही तुटपुंजे. प्रकाशकाकडे संपादक असतो तो काहीतरी नाकारायलाच. ज्या हस्तलिखिताला कोणी हो म्हटलं नाही ते मी का वाचू? ४१ पुस्तकांत एक पडाववाला निघाला हे छान, पण बाकीच्या चाळिसांचं काय?

दीपस्तंभ_भाट्ये

@स्पष्टच_सांगतो, प्रश्न रास्त आहे, गृहीतक मात्र आता जुनं झालं. पाठीवर प्रकाशनाचं नाव असलेल्या पुस्तकांतली कितीतरी आज लेखकाच्याच पैशाने निघतात. त्यामुळे 'प्रकाशकाचं' आणि 'स्वतःचं' ही रेघ वरवर दिसते तेवढी ठळक राहिलेली नाही. उलट काही लेखक स्वतः छापतात ते विषय छोट्या टापूचा असतो म्हणून. एका खाडीवर, एका बोलीवर लिहिलेल्या पुस्तकाच्या हजार प्रती खपणार नाहीत, हे प्रकाशकाचं गणित बरोबरच. पण त्या खाडीकाठच्या वाचनालयाला ते लागू पडत नाही.

रातराणी_दापोली

मी रहस्यकथा, भयकथा कुठल्याही वाचते. गेल्या महिन्यात एक थरारकथा वाचली. ४० पानं झोप उडवली, आणि मग नायक ऐन जुलैत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून ट्रॉलर घेऊन समुद्रात! अहो, १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, ट्रॉलर सगळे किनाऱ्याला लागलेले असतात. ज्याने हे पाहिलेलं नाही त्याच्या खुनाच्या तपासावर मी का विश्वास ठेवू? मिटून ठेवलं.

मचवा

रातराणीताई, अर्धं बरोबर. बंदी यांत्रिक नौकांना आहे. इंजिन नसलेल्या, वल्ह्याच्या पारंपरिक होड्यांना त्यातून सूट असते. ट्रॉलरऐवजी छोटी होडी असती तर चाललं असतं, जुलैत बाहेर जायचं धाडस वेगळं. आणि बंदी मोडून चोरून जाणारा ट्रॉलर दाखवला असता तर तिथेच गोष्टीला धार आली असती!

आमच्या घरात तीन पिढ्यांची मासेमारी. समुद्रावरचं पुस्तक आलं की मी जाळ्याचं पान शोधतो. 'कोळ्याने जाळं टाकलं' एवढंच लिहिणारा वाळूवर बसून लिहितो. कुठलं जाळं, रापण की डोल, भरती की ओहोटी, ओढायला किती माणसं, हे आलं की कळतं की याचे हात ओले झालेत. जुईताईंच्या पडाववाल्यांनी ते 'आता!' लिहिलं ना, तीच गोष्ट.

सड्यावरची_जुई

मचवादादा, हे मला फार उपयोगी पडणार. म्हणजे पहिलं पान वाचायचं नाही, लेखकाला जे आपल्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं ते पान शोधून उघडायचं. पहिलं पान बहुतेकांचं अवघडलेलंच असतं, पाहुण्यांसमोर बसल्यासारखं.

आटवल

हे पाककृतीच्या पुस्तकाला तर तंतोतंत लागू. आम्ही रत्नागिरीत सातजणी दर महिन्याला जमतो. स्वतः छापलेलं पाककृतींचं पुस्तक आलं की एक पदार्थ करून बघितल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा आमचा नियम. एका पुस्तकात घावन्यांच्या कृतीत 'पाणी अंदाजाने' लिहून पुढे लगेच होतं: 'पळीतून पीठ ओतताना ताकासारखा आवाज आला पाहिजे, दह्यासारखा आला तर अजून अर्धी वाटी घाला. तव्याला तेल नारळाच्या शेंडीने लावा.' तसंच केलं. पहिल्या घावन्यालाच जाळी पडली. मुखपृष्ठावर चक्क नूडल्सचा फोटो होता, पण आम्ही सातही जणींनी प्रती मागवल्या.

कवितेसाठी वेगळी रीत. पोहे होईपर्यंत प्रत्येकीने पुस्तक कुठेही उघडून एक कविता मोठ्याने वाचायची. वाचून झाल्यावर कोणी "परत वाच" म्हटलं तर पुस्तक पास. मुलांच्या पुस्तकाला परीक्षक माझी सहा वर्षांची नात. ती मधेच उठून गेली की मला कारण विचारावं लागत नाही.

वसईची_लाट

ई-पुस्तकांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. ॲमेझॉनच्या किंडलवर २०१६ च्या अखेरीपासून मराठी पुस्तकं मिळतात आणि स्वतः प्रकाशित करणारे लेखक तिथे बरेच आहेत. विकत घेण्याआधी सुरुवातीचा सुमारे दहावा भाग नमुना म्हणून फुकट वाचता येतो. काही लेखक ९० दिवसांत पाच दिवस पुस्तक फुकट ठेवतात, त्यावरही लक्ष ठेवते. तारे मोजत नाही. पाच तारे आणि 'अप्रतिम, पुढील लेखनास शुभेच्छा' हे बहुतेक घरचं कौतुक. तीन तारे देणारा माणूस शोधायचा, कारण त्याला आवडलेलंही असतं आणि खटकलेलंही, आणि दोन्ही तो लिहितो.

प्रतिलिपी ॲपवर भागाभागाने गाजलेल्या कथा नंतर छापील पुस्तक म्हणून येतात. त्या जोखताना एक ध्यानात ठेवा. भागाच्या शेवटी धक्का द्यायची सवय लेखकाला लागलेली असते. फोनवर रोज एक भाग वाचताना मजा येते, पुस्तकात मात्र दर पाचव्या पानाला दार करकरतं. ज्याने पुस्तक करताना ते सांधे घासून काढलेत, त्याने मेहनत घेतली असं समजते. भयकथा-प्रेमकथा दोन्हींना हे लागू.

अवांतर: ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत ई-पुस्तकंही बघा. नव्या लेखकांची खूप आहेत.

कातळ_वाटाड्या

गावाच्या इतिहासाची पुस्तकं हा माझा प्रांत. राजापूरकडचा आहे. कोकणातल्या कातळशिल्पांची (सड्यावरच्या खडकात खोदलेल्या जुन्या चित्रांची) नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, तेव्हापासून सड्यांवर, म्हणजे या कातळाच्या पठारांवर, लिहिणाऱ्यांची संख्या वाढली. चांगलंच आहे. पण हातात पुस्तक आलं की मी एवढंच बघतो: लेखक 'असं म्हणतात' लिहितो की 'कोणी, कुठल्या वाडीत, कधी सांगितलं' ते लिहितो? कशेळीच्या कातळात खोदलेल्या हत्तीबद्दल पाच पानं आश्चर्य करणाऱ्यापेक्षा, 'मी पावलांनी मोजला, अमुक पावलं भरला, डोकं अमुक दिशेला, खोदाईत पाणी साचलं होतं' असं लिहिणारा मला हवा. त्याचा अंदाज चुकला तरी पुढचा माणूस तपासू शकतो.

कादंबरीलाही हे चालतं. १९८५ मध्ये मुंबईहून रेल्वेने रत्नागिरीला उतरणारी नायिका मी वाचली आहे. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ मध्ये!

केवड्याचं_बन

इतके दिवस नुसता वाचत होतो. आज लिहितो, कारण मी पलीकडच्या बाजूचा आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. आमच्या वाडीतली ३८ माडांची आणि ६१ पोफळींची झाडं एका दुपारी पडली. त्यानंतर वीज नव्हती तितक्या रात्री मी वहीत लिहीत राहिलो. कोणी काय वाचवलं, कोणाचं छप्पर कोणाच्या अंगणात सापडलं, पडलेल्या सुपाऱ्या कशा गोळा केल्या. दोन वर्षांनी पुस्तक छापलं. ३०० प्रती, पैसे बायकोच्या भिशीचे. आज १४० पलंगाखाली आहेत.

टीकेचं मला भय नव्हतं. मला खुपली ती शांतता. ६० जणांना पुस्तक दिलं. व्हॉट्सअॅपवर 'मिळालं, छान' आणि दोन हात जोडलेले, बस. त्यांनी वाचलं की नाही हेही कळेना. मग आठ महिन्यांनी मुरूडच्या एका बाईंचं पत्र आलं, आंतर्देशीय, कडेपर्यंत लिहिलेलं. तिसरं प्रकरण पहिलं हवं होतं. पंचनाम्याची पानं कंटाळवाणी आहेत पण काढू नका, ती दुसरीकडे कुठे सापडणार नाहीत. आणि पान ४४ वर शेजाऱ्याचा म्हातारा गाईच्या गळ्यातली घंटा शोधतो ते वाचून त्या उठून आपल्या गोठ्यात जाऊन आल्या. ते पत्र मी किती वेळा वाचलं सांगता येणार नाही. दुसरी आवृत्ती निघाली तर तिसरं प्रकरण पहिलं असेल.

स्पष्टच_सांगतो, तुम्ही म्हणता तसा नाकारणारा संपादक मला मिळाला असता तर मी त्याचे आभार मानले असते. तो मिळत नाही म्हणून तर आम्ही अंदाजाने छापतो. तेव्हा जुईताई, पुस्तक घ्या किंवा घेऊ नका, पण वाचलंत तर चार ओळी लिहून कळवा. काय आवडलं, कुठे कंटाळा आला. पान नंबरासह.

स्पष्टच_सांगतो

केवड्याचं बन, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एक प्रत मला हवी आहे, विकतच. निरोप करतो. पान नंबरासह कळवीन.

रातराणी_दापोली

+१. मीही त्या थरारकथेच्या लेखकाला बंदीचं कळवते. मचवादादांची चोरट्या ट्रॉलरची कल्पनाही, त्यांची हरकत नसेल तर.

मचवा

खुशाल कळवा, ताई.

दीपस्तंभ_भाट्ये

जुईताईंच्या पहिल्या प्रश्नाला, शोधायची कुठे, अजून कोणी नीट हात घातलेला नाही.

आमचं रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. इतक्या जुन्या ठिकाणी गेलात की ग्रंथपालांना सरळ विचारा, 'स्थानिक लेखकांचं काय आलंय?' त्यांना पाठ असतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिच्यातून पहिल्या पुस्तकाला अनुदान मिळतं. अशी पुस्तकं निदान एकदा तज्ज्ञांच्या हाताखालून गेलेली असतात. राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचे वेगळे पुरस्कार असतात, त्यांच्या मागच्या वर्षांच्या याद्या काढा. कोमसापच्या (कोकण मराठी साहित्य परिषदेच्या) शाखांचे कार्यक्रम, जिल्ह्याचा ग्रंथोत्सव, आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे तालुक्यांतून निघणारे दिवाळी अंक. अंकात एक कथा चांगली वाटली की लेखकाचं पुस्तक आहे का विचारायचं. निम्म्या वेळा असतं, आणि ते दुकानात नसतं.

मागवायला आता टपाल खात्याची ज्ञान पोस्ट आहे, १ मे २०२५ पासून. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. कुरियरपेक्षा खूप स्वस्त. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे, आपलं पुस्तक बसतं का ते खिडकीवर विचारून घ्या.

आणि वाचनालयवाल्यांनो, आवडलेल्या स्थानिक पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात माझ्या आत्याकडची तळमजल्यावरची दोन कपाटं गेली. नावाजलेली पुस्तकं परत मिळाली. तिच्या गावच्या एका मास्तरांनी छापलेलं गावऱ्हाटीवरचं (गावच्या देवदेवस्कीच्या, मानपानाच्या रीतींवरचं) पुस्तक अजून मिळालेलं नाही.

फर्मा_सोळा

त्या पुरात आमचं दुकानही पाण्यात होतं. हार्ड डिस्क गेल्या, म्हणजे कितीतरी लेखकांच्या फायली गेल्या. स्वतः छापणाऱ्यांनो, प्रेसकडून अंतिम पीडीएफ मागून घ्या आणि दोन जागी ठेवा. प्रेसवाला म्हणून हात जोडून सांगतो.

सड्यावरची_जुई

तीन आठवडे झाले, हिशोब सांगायला आले.

४१ पैकी २९ पाहून झाली. दर वेळी लेखकाला सगळ्यात जास्त माहीत असलेलं पान आधी उघडलं. कविता आमच्या अंगणवाडीच्या बाईंनी मोठ्याने वाचल्या, मी ऐकल्या. ८ पुस्तकं कपाटात गेली, त्यांत दोन कवितासंग्रह आणि ते विज्ञानकथांचं पुस्तक. त्या लेखिकेला खाजणातला (खाडीकाठच्या दलदलीतला) चिखल इतका नेमका माहीत आहे की पुढचं यंत्रमानवाचं खरं वाटतं. न घेतलेल्यांपैकी ११ जणांना पोस्टकार्डं टाकली, पान नंबरासह. एकाचा फोन आला, जरा रागावले होते, पण बोलणं अर्धा तास चाललं.

आणि पडाववाल्यांना फोन लावला. पुस्तकामागे नंबर होता, तो त्यांच्या सुनेचा. आजोबा ८१ वर्षांचे आहेत. मी म्हटलं, आमचे एक सभासद पुढचा भाग मागतायत. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, दुसरी वही लिहून झालेली आहे, पण पहिल्या पुस्तकाबद्दल कोणी काहीच बोललं नाही, म्हणून ट्रंकेत ठेवून दिली.

फर्मा_सोळा

जुईताई, वहीची अक्षरजुळणी मी करून देतो, पैसे नकोत. मुद्रितशोधनाला खाजणकाठ बघतील का? बोली त्यांना कळते.

खाजणकाठ

बघतंय. लाल पेन घेणा नाय, पेन्सिल घेतंय.

फर्मा_सोळा

ठीक. ताई, मूळ वही पोस्टाने पाठवू नका, पावसाचे दिवस आहेत. सुनबाईंना सांगा, दिवसाउजेडी दारात बसून एकेका पानाचा फोटो काढा, वही सपाट धरून, हाताची सावली पडू न देता. समासात काही लिहिलं असेल तर तेही यायला हवं.